मापात

तार्तू शहरात फेब्रुवारीत दिवस लवकर मिटतो.
उर्मस म्हणाला, "पानावरची मोठी ओळ आज हवी.
'दर्जा जराही न घटवता फोटो नव्वद टक्के लहान.'
सगळे हेच लिहितात, लेलो."

सगळे लिहितात, खरं आहे.
नव्वद टक्केही खरेच आहेत,
एका फोटोपुरते:
खाली गोठलेली नदी, वर तेवढंच आभाळ.
रिकामं दाबायला काय लागतं?
शनिवारच्या बाजाराचा फोटो घातला,
खवले, लोकरी टोप्या, म्हातारीच्या कपाळावरच्या आठ्या,
तर आकडा बेचाळीसवर अडला.
आणखी रेटलं
तेव्हा आधी आठ्या गेल्या.
म्हातारी तरुण दिसू लागली. उर्मसला ते आवडलं.

माझे आजोबा पेइप्सी सरोवराकाठी
धुरावलेले मासे विकत.
तराजूला अंगठा कधी लावला नाही त्यांनी,
पण मासा तोलत तो कागदासकट.
"कागदाचं वजन ते काय!"
मापात पाप नाही, फक्त एक कागद.
मी सात वर्षांची होते. कागद जाड असायचा.

दुसरी ओळ मला सोपी वाटली होती:
"तुमचा फोटो तुमच्या संगणकाबाहेर जात नाही."
मी वायफाय बंद करून पाहिलं.
इंटरनेट नाही, काही नाही,
तरी ब्राउझरने मुकाट्याने फोटो दाबून हातात दिला.
टाळी वाजवावीशी वाटली. एकटीच होते, वाजवली.
मग उर्मसला विचारलं,
आणि पानाच्या तळाशी ती मोजणी कसली?
कोण आलं, कुठून आलं, किती वेळ थांबलं.
"ते वेगळं," तो म्हणाला.
फोटो घरातच राहतो,
बाहेर जातात ती पावलं.
"मग काढून टाकू?"
"काढलं तर कोणी आलं हे कळणार कसं?"
यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

त्याच आठवड्यात हेल्वेबाईंचं पत्र आलं,
किहनू बेटावरून.
त्या हातमोजे विणतात, फोटो आमच्याकडे हलके करतात,
बेटावर नेट रडतखडत चालतं म्हणून.
"तुमचं यंत्र चांगलं आहे," असं लिहून पुढे,
"पण मनगटाजवळ काळ्या लोकरीत
मी एक करडा टाका घालते. एकच.
तो तुमच्या फोटोत नाही.
गिऱ्हाईक विचारतं, हे तुमच्या बहिणीने विणलेत का?
बहिणीशी मी बोलत नाही."

मी तो फोटो शंभर पट मोठा करून पाहिला.
टाक्याच्या जागी काळं, सपाट, नीटनेटकं.
उलट दाबून पाहिलं, ताणून पाहिलं.
आडातच नाही, पोहऱ्यात कुठून येणार.

मग मी बसून लिहिलं:
"फोटो लहान होतो, बहुतेक वेळा निम्म्याहून अधिक.
काहीतरी जातं; कधी कधी ते तुम्हाला दिसणार नाही,
कधी नेमकं तेच तुमचं असेल.
मूळ प्रत टाकू नका.
फोटो इथून कुठे जात नाही. तुम्ही आलात हे मात्र आम्ही मोजतो."

उर्मसने फोनवर उघडून पाहिलं.
शब्द पडद्यात मावेनात, बटण कुठल्या कुठे खाली गेलेलं.
तो हसला. "हेही दाब ना जरा."

दाबून पाहिलं.
आधी "कधी कधी" गेलं.
मग "बहुतेक".
मग मूळ प्रत, मग पावलं,
आणि करड्या टाक्याएवढं जे होतं ते जाताना
मला दिसलंसुद्धा नाही.
शेवटी जी ओळ उरली
ती सगळे लिहितात तीच.

मी सगळं पूर्ववत केलं.
बटण खालीच आहे, अंगठा दोनदा सरकवावा लागतो.
या महिन्यात माणसं कमी आली.
किती कमी,
ते आम्हाला नक्की माहीत आहे.